नाल अगोदर निघाली

माझी नात सई पुण्याला इंजिनिअरिंग शिकते, म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं करते. गेली दोन वर्षं ती आणि तिचं मित्रमंडळ कॉलेजच्या शेडमध्ये शर्यतीची गाडी बनवतंय. एकाच माणसाला बसायची जागा, वर छप्पर नाही, चारही चाकं अंगाबाहेर उघडी. दिवाळीच्या सुट्टीत ती गावाकडं आली तेव्हा तिनं मला लॅपटॉपवर अमेरिकेतल्या अशाच गाड्यांच्या शर्यती दाखवल्या. तिचा तिथला एक लाडका ड्रायव्हर आहे. तो कुठं जिंकला, कुठं हरला, कितव्या वर्षी पहिल्यांदा गाडीत बसला, हे सगळं तिला पाढ्यासारखं पाठ. एका शर्यतीत त्याच्यामुळं तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि एकाचा पाय मोडला. तासाभरात कुणीतरी त्याच्यापुढं माईक धरला, तर तो गडी हेल्मेट काखेत धरून म्हणाला, चूक माझी होती, मी नको तिथं ब्रेक मारला. सईनं मला ते भाषांतर करून सांगितलं आणि पुढची शर्यत लावली. मग मध्येच वळून म्हणाली, "आजोबा, तुमचं करिअर किती वर्षांचं हो?"

मला हसू आलं. करिअर म्हणे! नऊ वर्षं मी जुन्नर-आंबेगावातल्या बैलगाडा शर्यतींत घोडी पळवली, त्याला त्या काळी आमच्या घरात 'धंदे सोडून हिंडणं' म्हणत. पण पोरीला कौतुक वाटलं होतं, म्हणून मीही जरा ताठ बसून म्हणालो, "नऊ वर्षं." तिनं विचारलं, "तुमचा कधी ॲक्सिडेंट झाला?" मी म्हणालो, "एकदाच. घोडीची नाल निघाली होती." माझ्या तोंडून ते इतकं सरळ गेलं की गेल्यावरच माझ्या ध्यानात आलं. म्हातारपणी, स्वतःच्या ओसरीवर, स्वतःच्या नातीशी, काही कारण नसताना मी खोटं बोललो होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही. गेलं वर्षभर मी वहीत आठवणी लिहितोय, त्यांतून हे प्रकरण मी वगळणार होतो. आता लिहितो.

ज्यांनी आमच्याकडच्या शर्यती पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडं घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. गावाबाहेर चढाला बांधून काढलेली शर्यतीची वाट म्हणजे घाट. हलका लाकडी गाडा, त्याला चार बैल, दोन मागं आणि दोन पुढं. गाड्यावर कुणी बसत नाही. बैलांच्या पुढं एक घोडी पळते आणि तिच्यावर एक स्वार. घोडी पळेल तसे बैल पळतात. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरच्या टोकाला बैल पोचले की बंद. बाराचौदा सेकंदांचा सगळा खेळ, त्याला आम्ही बारी म्हणतो. त्या बाराचौदा सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलांना कणकीचे गोळे आणि दूध चारतात आणि स्वतः कोरडी भाकरी खातात. आमच्या घरात तेच चालायचं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तसे फार कमी बोलायचे, पण हरण्या आणि पाखऱ्या या आपल्या बैलांशी ते गोठ्यात तास तास गप्पा मारत. आई म्हणायची, "माज्याशी लगीन कशाला केलं कुणास ठावं, हरण्याशीच करायचं व्हतं." हरण्या खरोखर देखणा होता. पांढऱ्या अंगावर मानेपाशी मळकट झाक, लांब शिंगं, आणि आबांच्या चपलेचा आवाज आला की दावणीवरून मान वर. आई चिडली तरी त्याचा गोळा चुकवायची नाही. स्वतःच्या हातानं त्यात तूप घालायची आणि आबांना कळू नये म्हणून माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवायची.

आई मूळची घोड नदीकाठची. तिचं माहेर आता डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी ती मासवड्या करायची आणि त्या दिवशी घरात कुणाचं काही चालायचं नाही. नाव मासवडी, पण त्यात मासा औषधालाही नाही. तीळ, खोबरं, कांदा, लसूण भाजायला लागली की तो वास वेशीपर्यंत जायचा. बेसन शिजवून गरम गरम ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळून वळकटी दाबायची. तिचे तळवे लालभडक व्हायचे. मग काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. यात्रेला घरात वीस-पंचवीस माणसं जेवायला असायची, त्यांत निमगाव साव्याचा मामा पहिल्या पंगतीला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, सासरेबुवांच्या शेतीवर निमगावात स्थायिक झालेला. आमची पुढची जोडी, त्याची मागची जोडी, असा आमचा गाडा जुळायचा, आणि घोडी मामाची, चांदणी नावाची. मामाचा आवाज मोठा, मिशी मोठी, राग त्याहून मोठा. मला तो पोटच्या पोरासारखा मानायचा हेही खरं आहे.

घोडीवर बसायला मला शिकवलं ते मामानं नव्हे, यासीनचाचांनी. ते जुन्नरचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नालबंदाचं काम. बैलांना पत्री मारायची, घोड्यांना नाल. आठवड्याच्या बाजारात बैलबाजाराच्या कडेला त्यांची जागा ठरलेली असायची. सकाळपासून पंधरा-वीस बैल रांगेत. बैलाला दोरानं अलगद आडवा पाडायचे, चारी पाय एकत्र बांधायचे आणि मग त्यांची हातोडी सुरू व्हायची. तीन ठोके, थोडं थांबणं, एक ठोका. डोळे मिटून असलो तरी मला कळायचं की हा चौथा खिळा. त्यांची लहान मुलगी रशीदा बैलाच्या डोक्याशी बसून त्याच्या कानामागं खाजवत राहायची, आणि एवढं मोठं धूड त्या पोरीच्या हाताखाली गप पडून असायचं. यासीनचाचांनी पोरवयात टांगा हाकला होता, त्यामुळं घोड्याची जात त्यांना ठाऊक. बाजार उठला की ते मला मामानं सोबत आणलेल्या चांदणीवर बसवत आणि नदीच्या वाळूत पळवत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बेटा, घाटात लगाम आसतो धरायला. वढायला न्हाई. तू वढलास तर घोडी थांबंल, पन मागचं चार बैल थांबनार न्हाईत." आणि दुसरं म्हणजे मागं बघायचं नाही. लोक ओरडले तरी नाही, नाव घेतलं तरी नाही. मी मान डोलावली. सतराव्या वर्षी माणूस फार छान मान डोलावतो.

त्या वर्षी शेजारगावच्या यात्रेत मी पहिल्यांदा बारीवर बसणार होतो. यासीनचाचा भल्या सकाळी सायकलवरून आले. त्यांची एक पद्धत होती. शर्यतीच्या सकाळी ते घोडीचा एकेक खूर मांडीवर घेत, प्रत्येक खिळ्यावर हातोडीनं टकटक करून कान लावून ऐकत, आणि मग मालकाला बोलावून त्याचाही हात खुरावरून फिरवत. मालकानं "बरं हाये" म्हटल्याशिवाय खूर खाली ठेवायचा नाही. त्या दिवशी मामा नारळ आणि फेट्याच्या गडबडीत होता. त्यानं लांबूनच हात हलवला. चाचा म्हणाले, "न्हाई पावणं, हात लावून बघा. उद्या मला बोल नको." तेव्हा मामा हसत आला, चारी खुरांवरून हात फिरवला आणि "बरं हाये, बरं हाये" म्हणाला. आबांनी पाहिलं, मी पाहिलं, दारात उभ्या असलेल्या दहा जणांनी पाहिलं. मग आईनं चाचांना मासवडीचं ताट दिलं. शुक्रवार होता, त्यांना दुपारच्या नमाजाला जुन्नरला पोचायचं होतं, म्हणून ते चार घास खाऊन निघाले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेले. ती थाप मला अजून जाणवते असं मी लिहिणार होतो, पण ते खरं नाही. त्या वेळी माझं लक्ष नव्या फेट्यात होतं.

आमचा नंबर दुपारी लागला. घाटाच्या दोन्ही अंगांना माणूस माणसाला लागलेला, भंडाऱ्यानं माती पिवळी झालेली, आणि कर्ण्यावर निवेदक घसा फोडून ओरडत होता. निशाण पडलं. चांदणीनं पहिली उडी घेतली ती अशी की पोटातलं सगळं मागं राहिलं. घाटाचा अर्धा भाग कधी गेला कळलंच नाही. मागून बैलांच्या टापा, गाड्याचा खडखडाट, आणि मग कर्ण्यातून माझं नाव आलं. "आला आला इस्नू आला, घोडीवर बगा ह्यो कवळा पोऱ्या!" आयुष्यात पहिल्यांदा हजार माणसांच्या डोक्यावरून माझं नाव चाललं होतं. आणि मी वळून बघितलं. मला बघायचं होतं कोण कोण बघतंय. दिसलं वेगळंच. हरण्याचं तोंड माझ्या मांडीपासून हातभरावर होतं. फेस आलेलं, डोळे पांढरे, शिंगाचं टोक माझ्याकडं. ज्याला मी लहानपणापासून हातानं गोळा भरवला तो हा बैल नव्हताच. मी घाबरलो. इतका घाबरलो की माझ्या दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढला. चांदणी मागच्या पायांवर बसली आणि हरण्या तिच्यावर चढला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माती, लाकूड मोडल्याचा आवाज, कुणाचं तरी किंचाळणं, आणि माझ्या तोंडात भंडाऱ्याची कडू चव.

मी उठून बसलो तेव्हा हरण्या आडवा होता. पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला गेलेला. आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. चांदणी तीन पायांवर उभी थरथरत होती. तिच्या मागच्या पायाची नाल उपटून निघाली होती आणि माझ्यापासून दोन हातांवर मातीत पडली होती. मामा घाट चढत धावत आला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "काय केलंस रं?" तो ओरडला. "काय केलंस?" आणि माझी नजर नालीवर गेली. मी विचार केला नाही, ठरवलं नाही, शपथ घेऊन सांगतो. पण शपथ घेऊन तरी काय उपयोग, बोललो तर मीच. म्हणालो, "नाल निघाली मामा. अगोदर नाल निघाली, मग घोडी बसली." मामानं ती नाल उचलली, उलटसुलट केली आणि त्याचा सगळा राग माझ्यावरून उठून तिकडं गेला. मला तो जाताना दिसला. अंगावरची वीज शेजारच्या झाडावर पडावी तसं सुटल्यासारखं झालं. दहा मिनिटांत कर्ण्यावरून सांगितलं गेलं की नाल निघाल्यामुळं अमुक गाड्याची बारी वाया गेली, नाल जुन्नरच्या यासीन नालबंदानं मारली होती, तरी सर्व गाडामालकांनी आपापल्या घोड्यांच्या नाली तपासून घ्याव्यात. वारा खालच्या गावांकडं होता. तीन गावांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी यासीनचाचा आमच्याकडं आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अंगणात हरण्याला झोळीत टांगून उभा केला होता, आई त्याला पाणी पाजत होती. चाचांनी आधी त्याच्याजवळ जाऊन त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मग मामाकडं नाल मागितली. उकिडवे बसून त्यांनी ती उन्हात धरली. म्हणाले, "हे बगा. खिळा वाकडा हाये आन खिळ्याला खुराचा तुकडा चिकटलाय. ढिली नाल खिळं सरळ सोडून निघती, खूर न्हाई फाडत. ही वजनाखाली वडून निघाली." मामा उसळला. "आता ह्यो शानपना नको यासीनभाई. घोडीवर पोरगं व्हतं का तुमी?" चाचा शांतपणे म्हणाले, "पोरगं व्हतं. म्हनून पोरालाच इचारतो." आणि ते माझ्याकडं वळले. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो, हाताला फडकं बांधलेलं. "इस्नू बेटा, नाल अगोदर निघाली का नंतर?" आवाजात राग नव्हता, धाक नव्हता. बाजारात एखादा बैल कुठल्या पायानं लंगडतो असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. हरण्याला पाणी पाजणारे आईचे हात थांबले. मला तेव्हा नक्की ठाऊक होतं की खरं सांगितलं तर आबा मला काही बोलणार नाहीत, मारणार नाहीत, फक्त या जन्मात पुन्हा माझ्या हातात दावं देणार नाहीत. मी म्हणालो, "अगोदर." चाचा "बरं" म्हणाले, नाल ओसरीच्या कडेला ठेवली, सायकल काढली आणि गेले. आईनं चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण शाळेत मी वाक्यात उपयोग करून दाखवली होती. पण म्हणीत अंगणाचं पुढं काय होतं ते सांगत नाहीत. आमच्या भागात बैलांचा आणि घोड्यांचा शब्द वाऱ्यापेक्षा लवकर फिरतो. महिन्याभरात यासीनचाचांच्या जागेवर पंधरा-वीसांचे पाच बैल झाले, मग दोन. लोकांनी त्यात आपापली भर घातली. कुणी म्हणालं, आता त्याला डोळ्यांनी दिसत नसेल. कुणी म्हणालं, शुक्रवार होता, नमाजाला पळायची घाई, दोन खिळे कमी मारले असतील. हे शेवटचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, चहाच्या टपरीवर, आणि बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्या सकाळी चाचांनी मामाला चारी खुरांवरून हात फिरवायला लावला होता हे दहा जणांनी पाहिलं होतं. त्यांतला एकही बोलला नाही, कारण घोडीवर बसलेल्या पोरापुढं कुणाचं काय चालणार. तो घाईचा संशय मी काढला नव्हता, पण तो आत यायला भोक मीच पाडलं होतं. त्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. पडण्याची नाही वाटत. घाबरण्याचीही आता वाटत नाही.

हरण्या पोळ्याच्या आत गेला. आबांनी त्याला मळ्याच्या बांधाला पुरला आणि तेरा दिवस दाढी केली नाही. पाखऱ्याला नवा जोडीदार आणला, त्याला पत्री मारायला दुसऱ्या बाजाराचा माणूस गाठला, आणि त्यानं खिळा जिवंत खुरात घातल्यामुळं तो बैल आठ दिवस लंगडला. आबा त्याच्या खुराला हळद लावत बसले होते. म्हणाले, "हात यासीनचाच चांगला व्हता. पन आता काय करायचं." मी तिथंच होतो, हळदीची वाटी माझ्याच हातात होती. त्या वेळी बोललो असतो तर अजून सगळं सावरलं असतं. चाचांची जागा बाजारात अजून होती. मी वाटी पुढं केली.

आणि मग माझं करिअर सुरू झालं, सईच्या भाषेत बोलायचं तर. दुसऱ्या वर्षी मामानं मला पुन्हा चांदणीवर बसवलं. "नालीनं घात केला, पोराचा दोष न्हाई," असं तो सगळ्यांना सांगायचा. मी पुन्हा कधी मागं बघितलं नाही, पुन्हा कधी लगाम ओढला नाही. यासीनचाचांनी शिकवलेलं सगळं मी तंतोतंत पाळलं, फक्त ते त्यांना बघायला मिळालं नाही. पश्चिमेच्या मढ गावापासून पार पूर्वेकडच्या गावांपर्यंत माझं नाव झालं. फेटे, ढाली, नारळ, भिंतीवर फोटो. चाचांनी तोवर बाजार सोडला होता आणि जुन्नरात घराच्या ओट्यावर बादल्यांना बूड लावायचं, स्टो दुरुस्त करायचं काम धरलं होतं. जुन्नरला गेलो की मी त्यांची गल्ली टाळायचो. एकदाच समोरासमोर आलो. त्यांच्या हातात कुणाची तरी गळकी बादली होती. ते म्हणाले, "चांदणी बरी हाये का?" मी म्हणालो, "बरी हाये." ते म्हणाले, "मागचा डावा खूर जरा कवळा हाये तिचा, सांभाळा." एवढंच. मी घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बारी होती, ती जिंकलो.

चाचा वारले ते मला महिन्यानं कळलं. मामा गेला, आबा गेले, आई गेली. मधली बरीच वर्षं कोर्टाच्या निकालानं शर्यती बंद होत्या, मग पुन्हा सुरू झाल्या. सईचं ते बोलणं झालं त्यानंतर पंधरा दिवसांनी शेजारगावच्या यात्रा कमिटीची तरुण पोरं घरी आली. जुन्या घोडेस्वारांचा सत्कार ठेवलाय, पहिला मान तुमचा. त्यांना माझी कथा ठाऊक होती, माझ्यापेक्षा जास्त. त्यांच्या कथेत नाल निघालेली घोडी मी शेवटपर्यंत सोडली नव्हती. मी होही म्हणालो नाही आणि नाहीही. दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरून जुन्नरला गेलो आणि जी गल्ली आयुष्यभर टाळली तीत शिरलो.

रशीदा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. केस पांढरे झालेले, नाकावर चष्मा, मागं मुलाचं मोटारसायकलींचं गॅरेज. तिनं मला लगेच ओळखलं. "या विष्णूभाऊ," म्हणाली आणि आतून चहा मागवला. मी चहा यायच्या आतच सगळं सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. ती सुपातले खडे बाजूला काढत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "हां. अब्बांना ठाऊक व्हतं. नाल बगून कळलं व्हतं त्यांना." मी म्हणालो, "मग ते कुणाला बोलले का नाहीत?" तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बोलले की. तुमच्याच अंगनात बोलले. तुमी काय म्हनलात?" मी माफी मागितली, पाया पडायला वाकलो तर तिनं सूप मध्ये धरलं. "मला सांगून काय व्हनार भाऊ? आमाला म्हाईतच हाये. ज्यांना न्हाई म्हाईत त्यांना सांगा. माईकवर गेलं व्हतं ना ते? मग माईकवरच सांगा. मी येते ऐकायला."

ती खरोखर आली. यात्रेच्या दिवशी बायकांच्या मांडवाच्या कडेला, मुलाच्या शेजारी, उन्हात उभी होती. व्यासपीठावर आम्ही सहा म्हातारे. निवेदक तिशीतला, गोड गळ्याचा, शब्दाला शब्द जुळवणारा. त्यानं माझी सगळी गाथा गायली, नालीसकट, आणि माझ्या डोक्यावर गुलाबी फेटा चढवून माईक माझ्या हातात दिला. मी बोललो. कागदावर लिहून नेलं होतं, तो कागद न काढता बोललो. "मंडळी, त्या दिवशी नाल अगोदर निघाली न्हवती. म्या मागं बगितलं, भ्यालो आन लगाम वढला. नाल नंतर निघाली. यासीनचाचांचा काही दोष न्हवता. म्या खोटं बोललो आन त्यांचा धंदा गेला." मला वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात निवेदकानं दुसरा माईक ओढला. त्याचा आवाज भरून आला होता, खोटा नव्हता. "बगा मंडळी, बगा! ह्याला म्हन्त्यात मोठं मन! नालबंद गेला, जाऊन किती वर्सं झाली, पन गेलेल्या मानसाचा दोष बी ह्या मानसानं आपल्या अंगावर घेतला! आता कुठं बगायला मिळतील आसली मानसं? जोरदार टाळ्या झाल्या पायजेत!" आणि टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले, मागचे शिट्या मारायला लागले, कुणीतरी मूठभर भंडारा माझ्यावर उधळला. माझा माईक चालूच होता. "आरं बाबांनो, मोठं मन न्हाई, खरं सांगतोय," एवढंच म्हणायचं होतं. रशीदा माझ्याकडं बघत होती. ती वाट बघतेय हे मला इतक्या लांबूनही कळत होतं. पण हजार माणसांच्या डोक्यावरून पुन्हा माझं नाव चाललं होतं, आणि, हे लिहिताना हात थांबतो, मला ते गोड लागत होतं. ती थोडा वेळ थांबली. मग मुलाच्या खांद्याला हात लावून वळली आणि गर्दीतून वाट काढत रस्त्याकडं चालायला लागली. मी माईक काखेत धरला आणि दोन्ही हात जोडून लोकांना नमस्कार करत राहिलो.